शाळेतल्या जेवणाचा वाद आणि सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांचा हिशेब

इंदूरमधील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलांना जेवू घालणे हे आईवडिलांचे कर्तव्य असताना सरकारने शाळेत जेवण का द्यावे? द्यायचेच असेल तर ते फक्त गरिबांच्या मुलांना का देऊ नये, किंवा धान्य अथवा पैसे सरळ घरी का पोहोचवू नयेत? आणि मध्य प्रदेशात अंड्यावरून दर काही वर्षांनी एवढा गदारोळ का होतो? प्रश्नकर्त्यांची स्वतःची मुले खासगी शाळेत शिकली, त्यामुळे ही योजना त्यांनी बाहेरून, बहुतेक वर्तमानपत्रांतूनच पाहिली आहे, असेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्रनगर भागांतल्या आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती तीच आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देते.

मी आहारशास्त्राची विद्यार्थिनी आहे. इंदूर आणि धार जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या महिला समूहांना प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या स्वयंपाकघरांची पाहणी करणे हे माझे अनेक वर्षांचे काम राहिले आहे. या कामातून झालेले माझे ठाम मत असे की राजकीय पक्ष ज्या मुद्द्यांवर भांडतात, म्हणजे संस्कार, धर्म, आईवडिलांची जबाबदारी, फुकटेपणा, त्यांनी मुलाच्या ताटात काय पडते हे फारसे ठरत नाही. ते दोन आकड्यांनी ठरते. पहिला आकडा दर मुलामागे दर दिवशी मिळणाऱ्या शिजवण्याच्या खर्चाचा आणि दुसरा स्वयंपाकिणीच्या मानधनाचा. या दोन आकड्यांसाठी विधानसभेत कामकाज बंद पडल्याचे मला आठवत नाही.

आईवडिलांच्या कर्तव्याचा आक्षेप फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १९०६ साली शाळांतून जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला, तेव्हाही अशाने गरीब आईबाप बेजबाबदार होतील असे म्हटले गेले. आपल्याकडे मद्रास महापालिकेने १९२० मध्ये, सर पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खाणे देण्याचा ठराव केला आणि एका मुलावर दिवसाला एक आण्याहून जास्त खर्च होऊ नये अशी मर्यादा घातली. पुढे तो उपक्रम आणखी शाळांत गेला, पण प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून असा खर्च करायला ब्रिटिश सरकारने हरकत घेतल्याने १९२५ मध्ये तो बंद करावा लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या प्रयोगातही मुलांना जेवण हवे की नको यावर अडले नव्हते. कोणत्या खात्यातून आणि किती पैसे, यावर अडले होते.

कर्तव्य आईवडिलांचे आहे, हे मी नाकारत नाही आणि ज्यांच्या मुलांसाठी ही योजना आहे त्या आयाही नाकारत नाहीत. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत किंवा शहरातल्या बांधकामावर जाणारी बाई सकाळी सहा-साडेसहाला घर सोडते, आणि मूल चहा आणि टोस्टावर शाळेत येते. आदल्या रात्रीची भाकरी असेल तर भाकरीवर. तिने ठरवले तरी दुपारी एक वाजता ती गरम वरण-पोळी वाढू शकत नाही, कारण त्या वेळी ती घरी नसते. शाळेत जेवण मिळाले की घरचे लोक तेवढे अन्न मुलाच्या वाट्यातून कापून घेतात, ही शंकाही रास्त आहे. तिची तपासणी झालेली आहे आणि ती आपल्याच राज्यात झाली आहे. अर्थशास्त्रज्ञ फर्झाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या शाळांमधील मुलांच्या आहाराचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळेतल्या जेवणामुळे मुलांच्या दिवसभराच्या एकूण आहारातच भर पडते, घरचे खाणे त्या प्रमाणात कमी होत नाही, असे त्यांना दिसले. त्याहून दूरचा परिणाम २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ज्या भागांत शालेय भोजन चांगले पोहोचले होते तिथे लहानपणी ते जेवलेल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली होती. मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. ज्या राज्यात ही स्थिती आहे तिथे शाळेतले जेवण ही पुढच्या पिढीसाठी केलेली गुंतवणूक आहे. तिला खैरात म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

राजकारण या विषयात आले म्हणजे सगळे बिघडले, असे मात्र समजू नये. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये शाळांतून जेवण सुरू केले आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते फार मोठ्या प्रमाणावर वाढवले. त्या वेळी एवढा पैसा आणायचा कुठून, लोकप्रियतेसाठी तिजोरी रिकामी करणार का, अशी टीका पुष्कळ झाली. पण विरोधक सत्तेत आले तेव्हा त्यांनी योजना मोडली नाही. १९८९ मध्ये करुणानिधींच्या सरकारने तीत अंडे घातले, पुढच्या सरकारांनी अंड्यांची संख्या वाढवत नेली आणि २०२२ मध्ये स्टालिन सरकारने त्यावर सकाळच्या न्याहारीची योजना आणली. दोन पक्षांची चढाओढ ‘मी अधिक वाढीन’ अशी असली की मुलांचा फायदा होतो. मध्य प्रदेशात ती चढाओढ ‘काय वाढू देणार नाही’ या दिशेने गेली, हे आपले दुर्दैव.

धान्य घरी देण्याचा मार्ग देशाने वापरून पाहिलेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा बहुतेक राज्यांनी शिजवण्याची खटपट न करता मुलामागे महिन्याला ३ किलो धान्य वाटले. ते धान्य घरच्या डब्यात मिसळले आणि पाच-सहा माणसांत वाटले गेले. त्यात काही वाईट नाही, घराला मदत झालीच. पण मुलाला दुपारच्या वर्गात बसवणारे जेवण त्यातून उभे राहिले नाही. म्हणून अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की राज्यांनी शिजवलेलेच जेवण द्यावे, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत आणि ते वर्षातून किमान २०० दिवस मिळावे. आज प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांचा तो हक्कच झाला, त्यामुळे ‘द्यावे की देऊ नये’ हा वाद कायद्याच्या दृष्टीने कधीच मिटलेला आहे. खात्यात रोख पैसे टाकण्याची सूचना अधूनमधून होते. सहा-सात रुपयांत एका मुलाचे जेवण घरी स्वतंत्र शिजत नाही. साठ मुलांचे एकत्र शिजले तरच ते जमते, हे ती सूचना करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

फक्त गरिबांना द्यावे, या सूचनेतला हेतू चांगला असतो. पण सरकारी शाळेत जाणारी मुले कोण आहेत, याचा विचार केला तर निवड आधीच झालेली आहे. त्या मुलांत पुन्हा दारिद्र्यरेषेचे कार्ड तपासायचे म्हटले, तर ज्याचे कार्ड हरवले, ज्याचे आईवडील कामासाठी परगावाहून आले, ज्याचे नाव यादीत चुकले, तेच मूल पहिल्यांदा पंगतीतून उठते. अमेरिकेत पूर्वापार उत्पन्न पाहून मोफत, सवलतीचे आणि पूर्ण किमतीचे जेवण अशी वर्गवारी होती. कोविडच्या काळात सर्वांना मोफत जेवण मिळाले, ती सवलत २०२२ मध्ये संपली, आणि त्या सुमारास व त्यानंतर कॅलिफोर्निया, मेन, मिनेसोटा अशा काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून सर्वच मुलांना मोफत जेवण देण्याचे ठरवले. तिथेही श्रीमंतांच्या मुलांना जेवण का द्यायचे, हा प्रश्न विचारला गेलाच. पण जेवणाच्या रांगेत गरीब कोण हे उघड होऊ लागले की खरी गरज असलेली मुलेच रांगेतून बाजूला होतात, हा अनुभव त्या राज्यांनी अधिक महत्त्वाचा मानला.

आपल्याकडे पंगतीला आणखी एक अर्थ आहे आणि तो टाळून या विषयावर बोलणे मला योग्य वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यातील सूखीढांगच्या शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये दलित भोजनमातेने रांधलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले, तिला कामावरून काढले गेले, मग दलित मुलांनी दुसऱ्या बाईच्या हातचे जेवण नाकारले, आणि शेवटी पहिलीला परत घ्यावे लागले. हे फक्त पहाडातच घडते असे नाही. माळव्यातल्या काही गावांत मुले आपापल्या फळियाप्रमाणे, म्हणजे जातवार वस्तीप्रमाणे, वेगवेगळ्या ओळींत बसलेली मी पाहिली आहेत. तिथे भाषण करून काही साधत नाही. वर्गाप्रमाणे, म्हणजे पहिलीची ओळ, दुसरीची ओळ, अशी मुले बसवण्याचा आग्रह शिक्षकाने रोज धरला की महिना-दोन महिन्यांत ओळी आपोआप मिसळतात. घरून डबा आणण्याची मुभा दिली की त्या पुन्हा वेगळ्या होतात.

आता पैशांकडे येते, कारण खरे उत्तर तिथे आहे. या योजनेचे नाव २०२१ पासून ‘पीएम पोषण’ आहे. धान्य केंद्र सरकार देते. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि वरच्या वर्गांना १५० ग्रॅम. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी वेगळी रक्कम मिळते, तिला शिजवण्याचा खर्च म्हणतात आणि तो बहुतेक राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० टक्के या प्रमाणात उचलतात. १ मे २०२५ पासून हा दर प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि वरच्या वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे आहे. त्याआधी तो ६ रुपये १९ पैसे होता, आणि ऑक्टोबर २०२२ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत, सव्वादोन वर्षांच्या आसपास, ५ रुपये ४५ पैशांवरच थांबला होता. त्याच काळात तुरीची डाळ किलोला दीडशेच्या वर गेली होती, हे घर चालवणाऱ्या कोणालाही आठवेल.

साठ मुलांची एक प्राथमिक शाळा घ्या. समूहाच्या हातात त्या दिवसाचे ४०६ रुपये ८० पैसे येतात. नियमाप्रमाणे मुलामागे २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हवे, म्हणजे साठ मुलांना १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी आणि ३०० ग्रॅम तेल. डाळ १२० रुपये किलो धरली तर १४४ रुपये, भाजी सरासरी ३० रुपये किलो धरली तर ९० रुपये आणि तेल १४० रुपये किलोने ४२ रुपये होतात. ही बेरीज २७६ रुपयांची झाली. उरलेल्या १३० रुपये ८० पैशांत सहा किलो गव्हाचे दळण, गॅस किंवा लाकडे, मीठ, तिखट, हळद, जिरे, भांडी घासायची पावडर आणि बाजारातून सामान आणण्याचे भाडे बसवायचे असते. पावसाळ्यात टोमॅटो महागले, की भाजीत बटाटा वाढतो आणि बाकीचे सगळे कमी होते. यात कोणाचा अप्रामाणिकपणा असावा लागत नाही. शिवाय हा हिशेब पैसे वेळेवर आले तरचा आहे. रक्कम दोन-तीन महिने उशिरा जमा होते तेव्हा समूहाची अध्यक्ष किराणावाल्याकडे उधारीवर डाळ उचलते, आणि उधारीची डाळ कधीच १२० रुपयांना मिळत नाही.

मंगळवारचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मध्य प्रदेशातल्या ठरलेल्या आठवड्याच्या यादीत मंगळवारी खीर-पुरी असते आणि मुले त्या दिवसाची वाट पाहतात. हजेरीही बहुधा त्या दिवशी चांगली असते. प्रत्येक मुलाला १०० मिलिलिटर दुधाची खीर द्यायची म्हटले तर सहा लिटर दूध लागते आणि ६० रुपये लिटरने त्याचेच ३६० रुपये होतात. साखर, तांदूळ, पुरीचे तेल आणि भाजी यांसाठी ४६ रुपये उरतात. म्हणून जाणत्या स्वयंपाकिणी इतर दिवसांत थोडे थोडे वाचवून मंगळवार साजरा करतात, म्हणजे बुधवारच्या वरणातली डाळ मंगळवारच्या खिरीत गेलेली असते. ज्यांना हे साधत नाही त्यांची खीर पातळ होते. त्या खिरीचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, चौकशी बसते, समूह बदलला जातो, आणि नवा समूह त्याच ४०६ रुपयांत कामाला लागतो.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच अंड्याच्या वादाकडे पाहावे. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये आदिवासी भागांतल्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव आला आणि शिवराजसिंह चौहान यांनी मुख्यमंत्री म्हणून तो नाकारला. २०१९ मध्ये कमलनाथ सरकारच्या महिला व बालविकास मंत्री, ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या डबऱ्याच्या इमरती देवी यांनी तो पुन्हा मांडला. तेव्हा विरोधी पक्षनेते गोपाल भार्गव यांनी लहानपणापासून असे खाल्ले तर मुले पुढे नरभक्षक होतील, अशा आशयाचे विधान केले. सरकार बदलले, इमरती देवी पक्ष बदलून नव्या सरकारातही त्याच खात्याच्या मंत्री राहिल्या आणि अंड्याची बाजू त्यांनी पुन्हा मांडली. पण २०२० मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झालेल्या चौहान यांनी अंडे नाही, दूध देऊ, असे जाहीर केले. हा सगळा वाद अंगणवाडीचा, म्हणजे सहा वर्षांखालील मुलांचा होता, तरी शाळांच्या बाबतीतही त्याने जणू दार बंद केले. महाराष्ट्रात उलट झाले. २०२३ च्या अखेरीस शाळांत आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवून शाळांनी लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असे सांगितले. तिथे धर्माचे कारण पुढे न करताही अंडे ताटातून गेले.

आहारशास्त्राच्या बाजूने सांगायचे तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, शिवाय अ जीवनसत्त्व आणि ब-१२ मिळते. अंडे मोजून देता येते, आणि वरणाप्रमाणे किंवा दुधाप्रमाणे त्यात पाणी घालता येत नाही. तपासनीस म्हणून मला हा गुण फार मोलाचा वाटतो. धार, झाबुआ, अलीराजपूर भागांतली भिल्ल कुटुंबे अंडी खातात, कोंबड्या पाळतात. झाबुआचा कडकनाथ तर देशभर प्रसिद्ध आहे. पण घरची अंडी बहुधा हाटात विकली जातात, मुलांच्या वाट्याला क्वचित येतात. अशा मुलाला शाळेत अंडे नाकारताना आपण त्याच्या श्रद्धेचे रक्षण करत नसतो, दुसऱ्याच्या श्रद्धेचा नियम त्याच्यावर लादत असतो. त्याचबरोबर, ज्या घरांत अंडे चालत नाही त्यांच्या मुलांना संकोच वाटू नये अशी सोय असलीच पाहिजे आणि ती अनेक राज्यांत आहे. मात्र बहुतेक ठिकाणी पर्याय म्हणून केळे देतात, आणि एका केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात. शाकाहारी मुलाला खरोखर तोडीचे काही द्यायचे असेल तर पेलाभर घट्ट दूध, मूठभर भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणा-गुळाची चिक्की द्यावी लागेल. दूध देऊ असे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास तेव्हा बसेल, जेव्हा २०० मिलिलिटर दुधाचे १२ रुपये ते शिजवण्याच्या खर्चात वेगळे जोडतील. ६ रुपये ७८ पैशांत अंडेही बसत नाही आणि दूधही बसत नाही, त्यामुळे वाद कोणीही जिंकला तरी ताट तसेच राहते.

कर्नाटकात २०२१-२२ मध्ये मठाधिपतींचा विरोध असूनही अंडी सुरू झाली आणि सुरुवातीच्या पाहणीत बहुसंख्य मुलांनी अंडेच निवडले. तिथेच त्याआधी, शाळांना शिजवलेले जेवण पुरवणारी अक्षयपात्र संस्था कांदा-लसूण वापरत नाही म्हणून मुले जेवण टाकतात का, यावर मोठी चर्चा झाली होती. माझ्या मते जो सार्वजनिक पैशाने स्वयंपाक करतो त्याने गावाच्या चवीचे शिजवावे. लसणाची फोडणी नसलेली डाळ निमाडातल्या मुलाला आजारी माणसाचे जेवण वाटते.

आता दुसऱ्या आकड्याकडे. देशभरात सुमारे २५ लाख स्वयंपाकी-मदतनीस या योजनेत आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बायका आहेत. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० मुलांसाठी दोन, असे प्रमाण आहे. केंद्राच्या निकषानुसार त्यांचे मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. हा आकडा २००९ मध्ये ठरला आणि केंद्राच्या हिशेबात अजून तोच आहे. मध्य प्रदेशासह अनेक राज्यांनी स्वतःची भर घातली आहे, पण ती भर प्रत्येक राज्याच्या मर्जीवर आणि निवडणुकीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. सकाळी नऊला चूल पेटवून, दीड-दोनशे पोळ्या लाटून, दुपारी तीनला भांडी घासून घरी जाणारी बाई कायद्याच्या भाषेत कामगार नाही, मानधनावरची सेविका आहे. तिने अन्न नीट झाकावे, हात धुवावे, डाळ मोजून टाकावी हे मी तिला शिकवायला जाते तेव्हा तिच्याकडे साबणाचे पैसे आहेत का, हे आधी विचारावे लागते.

मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन २३ मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर आणि २०१५ च्या नियमांनंतर शिक्षकाने व शक्यतो पालकाने मुलांच्या आधी चव घेणे, सामान कुलपात ठेवणे, जेवण मिळाले नाही तर मुलाला भत्ता देणे, अशा गोष्टी लेखी बंधनकारक झाल्या. शिक्षक संघटनांची तक्रार असते की शिकवायचे सोडून आम्ही वरणाची चव घेत बसायचे का. त्यांच्यावर हजेरीपटापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळे लादले जाते, तेवढ्यापुरती ती तक्रार खरी आहे. चव घेणे मात्र त्यांनी सोडू नये. शहरांत जागा नसल्याने मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे पाठवणे अपरिहार्य आहे, पण सकाळी लवकर शिजलेली पोळी दुपारी वातड होते आणि मुले ती अर्धवट टाकतात, हे कोणत्याही शाळेच्या मागे ठेवलेली बादली पाहिली की कळते. गावात मात्र स्वयंपाक शाळेतच झाला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. चुलीपाशी त्याच गावातल्या आया असल्या की पातेल्यात काय पडते यावर सर्वांत कडक नजर त्यांचीच असते.

प्रश्नकर्त्यांनी शेवटी विचारले आहे की आमच्यासारख्यांनी यात काय करावे. गुजरातेत सुरू झालेली तिथी भोजनाची पद्धत आता देशभरच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा दिवस अशा निमित्ताने कुणीही जवळच्या सरकारी शाळेत एक दिवसाचे जेवण किंवा एखादा पदार्थ देऊ शकतो. इंदूरच्या मराठी मंडळींनी श्राद्धपक्षात हे मनावर घेतले तर उत्तमच, फक्त बुंदीचे लाडू आणि वेफर्स नेऊ नयेत. चिक्की, फुटाणे, पेरू, संत्री न्यावीत, किंवा मुख्याध्यापकांना विचारून शाळेला चांगला वजनकाटा आणि झाकणाचे डबे द्यावेत. पण तिथी भोजनाने मुलांचे दोन-चार दिवस चांगले जातात, उरलेले दोनशे दिवस सरकारी दराने जातात. तो दर केंद्र ठरवते आणि त्यावर आपली भर घालण्याची राज्याला पूर्ण मोकळीक आहे. तेव्हा मते मागायला येणाऱ्याला अंडे हवे की नको हे विचारू नका, कारण त्याचे उत्तर त्याच्यापाशी तयार असते. केंद्राच्या ६ रुपये ७८ पैशांच्या दरावर मध्य प्रदेश स्वतःचे किती पैसे घालणार, ते कोणत्या तारखेला समूहाच्या खात्यात जमा होणार आणि स्वयंपाकिणीला बारा महिन्यांचे मानधन मिळणार का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.